फिकट डागाचे सर

सरांच्या घरी गेलं की पाणी विचारायच्या आधी साबण विचारत. दारातच बादली, तांब्या आणि लाल साबणाची वडी ठेवलेली असे. पोस्टमन असो, वर्गणी मागायला आलेलं गणेश मंडळ असो, नाहीतर आमचे प्राचार्य असोत, आधी कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मगच उंबरा ओलांडायचा. सर समोर उभे राहून बघत. अंगठ्याच्या बेचक्यात फेस पोचला नाही तर "तिथे राहिलं" म्हणून बोट दाखवत. सरांच्या पत्नीला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. अक्का म्हणायच्या, "या माणसानं अर्धी गिरणा नदी लोकांच्या हातावर ओतली."

मी जळगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले तेव्हा सर तिथे वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि त्यांच्या निवृत्तीला सहा वर्षं उरली होती. आमची ओळख चोरीच्या मालावरून झाली. आमच्या प्रयोगशाळेतल्या आम्लाच्या बाटल्या गायब व्हायच्या. शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, "केळीवाल्या सरांकडे बघा." मी तावातावानं गेले. सरांनी एका शब्दानं नाकारलं नाही. "हो, मीच नेल्या. हात धुवा, कुठे ठेवल्यात ते दाखवतो," म्हणाले. भांडायला गेलेली मी पाच मिनिटांनी साबण चोळत उभी होते. आणि पुढची सहा वर्षं मी या माणसाची बिनपगारी हमाली केली. का केली, ते मला अजूनही धड सांगता येत नाही.

या हात धुण्याला कारण होतं, आणि ते सर कुणालाही, अगदी पहिल्या भेटीत, न विचारता सांगत.

तरुणपणी ते पुण्याला पीएच.डी. करत होते. त्यांचे मार्गदर्शक मूळचे धुळ्याचे, त्या काळी फार दबदबा असलेले. सर त्यांना "मोठे सर" म्हणत. आमच्या सरांनी केळीच्या एकाच बुंध्याशी फुटलेली दोन पिलं घेतली. एक चांगलं उंच वाढलेलं, दुसरं गिड्डं राहिलेलं. दोघांच्या पानांतला डी.एन.ए. काढला, आम्लात शिजवून त्याचे तुकडे केले आणि टीपकागदासारख्या जाड कागदावर त्यांचे ठिपके दिले. असा कागद द्रावणात टोकाशी बुडवून उभा टांगला की द्रावण हळूहळू वर चढतं आणि डी.एन.ए.चं प्रत्येक अक्षर आपापल्या उंचीवर डाग होऊन थांबतं. अक्षरं चार, म्हणून डाग चार. पण सी नावाच्या अक्षराला खेटून पाचवा एक डागही असतो, हे तेव्हा जगाला माहीत होतं. सरांना दिसलं ते निराळंच. उंच पिलाच्या कागदावर हा पाचवा डाग ठसठशीत होता, गिड्ड्याच्या कागदावर फिकट.

मोठे सर म्हणाले, "एकाच आईची दोन पिलं. डी.एन.ए. तोच. मग डाग दोन तऱ्हेचे कसे? ही तुझ्या कामातली घाण आहे. हात धुऊन ये."

प्रबंध नामंजूर झाला. सर जळगावला आले, नोकरीला लागले आणि तेव्हापासून हात धूत राहिले. लोकांना वाटायचं त्यांना अजून ती पदवी हवी आहे. ते साफ खोटं होतं. "पदवी चुलीत घाला," ते म्हणायचे. "तो डाग खरा होता, एवढं एक वाक्य मला मोठ्या सरांच्या तोंडून ऐकायचंय. तेवढं ऐकलं की मी मोकळा."

आमची ओळख झाली तेव्हा याला तेवीस वर्षं झाली होती. माणूस एखाद्या वाक्यासाठी इतकी वर्षं काढू शकतो हे मला आधी मूर्खपणाचं वाटायचं. पुढेही वाटायचं, पण हसू यायचं बंद झालं.

वर्गात हे प्रकरण शिकवताना सर टिकल्यांची पाकिटं घेऊन जात. फळ्यावर डी.एन.ए.ची अक्षरं काढायची आणि काही सींवर लाल टिकली चिकटवायची. "अक्षर तेच आहे," ते सांगत. "वाचणाऱ्याला ते सीच दिसणार. पण पेशीनं त्यावर मिथाइल नावाची एक बारीक रासायनिक टिकली लावली आहे. हा टिकलीवाला सी म्हणजेच तो पाचवा डाग. इथे टिकल्या दाट असल्या तर ही ओळ गप्प बसते. टिकल्या गळल्या तर नको ती ओळ बोलायला लागते. आणि झाड गिड्डं होतं." मुली तोंडावर रुमाल धरून हसत. सर एकटेच पुरुष असतील जे बांगड्यांच्या दुकानात जाऊन "एकाच मापाच्या दोनशे द्या, डिझाइन नको" असं सांगत. दुकानदारानं अक्कांकडे गुपचूप चौकशी केली होती म्हणे. मी टिकली लावत नसे. त्यामुळे रोज सकाळी स्टाफरूममध्ये मला सर्वांसमोर विचारणा व्हायची, "काय मॅडम, आजही अनमिथिलेटेड का?" त्या शब्दाचा अर्थ मराठीच्या सरांनी काय लावला असेल देव जाणे, त्यांनी महिनाभर माझ्याकडे सहानुभूतीनं बघितलं.

अडचण अशी होती की तो पाचवा डाग सीच्या मोठ्या डागाला चिकटूनच यायचा. गर्दीच्या एसटीत मोठ्या माणसाच्या कुशीत बसलेलं पोर जसं अर्धं दिसतं, तसा. कुणीही म्हणावं की मोठा डागच जरा फिसकटलाय. सरांनी द्रावणं बदलली, कागद बदलले, बरण्या बदलल्या. मोठा डाग हलेना.

मग ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं कुठल्याशा परदेशी नियतकालिकातल्या लेखाची झेरॉक्स पाठवली. झेरॉक्स इतकी वाईट होती की निम्मी पानं काळी. सरांनी ती भिंगातून वाचली, भर दुपारी सायकल मारत माझ्या घरी आले आणि घामानं निथळत म्हणाले, "मॅडम, बायसल्फाइट!"

तिकडच्या लोकांनी काढलेली युक्ती फार सोपी होती. डी.एन.ए. बायसल्फाइटमध्ये भिजत ठेवला की टिकली नसलेला प्रत्येक सी बदलून वेगळंच अक्षर होतो. टिकलीवाल्याला मात्र धक्का लागत नाही. मग अक्षरं वाचून काढायची. जो सी अजूनही सी आहे, त्याच्या कपाळावर टिकली होती. ते लोक त्यासाठी मोठी यंत्रं वापरत होते. सरांकडे यंत्र नव्हतं, पण त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. बिनटिकलीचे सगळे सी निघून गेले तर कागदावरचा तो मोठा डागच जाईल, आणि पाचवा डाग एकटा उभा राहील!

"बायसल्फाइट मागवायला लागेल," मी म्हटलं. "मुंबईहून येईल महिन्याभरात."

सरांनी बाहीनं घाम पुसला. मग म्हणाले, "अक्का लिंबाच्या स्क्वॅशमध्ये काय टाकते?"

अक्का महिला मंडळात स्क्वॅश आणि मुरंब्याचे वर्ग घ्यायच्या. सरबत वर्षभर टिकावं म्हणून त्यात चिमूटभर पांढरी पावडर घालतात. ती पाण्यात पडली की तिचं बायसल्फाइटच होतं. अठ्ठावीस वर्षं सर ज्याच्या मागे धावत होते ते त्यांच्या स्वयंपाकघरात, डाव्या बाजूच्या फळीवर, वेलदोड्याच्या डब्याशेजारी होतं. सरांना हे इतकं लागलं की ते संध्याकाळपर्यंत जेवले नाहीत.

त्यांनी अक्कांना सांगून पावडर घेतली असती तर पुढचं काही झालं नसतं. पण अक्का नको म्हणाल्या तर, या भीतीनं त्यांनी डबा गुपचूप रिकामा केला आणि रिकामा दिसू नये म्हणून त्यात दळलेलं मीठ भरून ठेवलं. अक्कांनी मंडळाच्या प्रदर्शनासाठी चाळीस बाटल्या स्क्वॅश केलं. एप्रिलचा महिना, जळगावची हवा. उद्घाटनाला आलेल्या बाई फीत कापत होत्या आणि मागच्या टेबलावर पहिलं बूच उडालं. मग दुसरं. मग तर धडाधड सुरू झालं. उद्घाटनाच्या बाईंच्या साडीवर लिंबू, समोरच्या फोटोग्राफरच्या डोळ्यांत लिंबू. अक्का जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी एका बाटलीतलं सरबत बोटावर घेऊन चाटलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मीठ."

त्या रात्री त्या घरात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी मंडळाच्या सगळ्या बायकांची घरोघरी जाऊन माफी मागितली. प्रत्येक दारात आधी स्वतःचे हात धुतले. अक्का पंधरा दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, पण पावडरचा नवा डबा त्यांच्या टेबलावर आणून ठेवला होता. त्यावर चिठ्ठी चिकटवली होती, "हा तुमचा. तो माझा."

पावडर आली, तरी दोन गोष्टी राहिल्या होत्या. हे मिश्रण खराब होऊ नये म्हणून त्यात हायड्रोक्विनोन घालायचं होतं. ते फोटो धुवायला वापरतात. सरबतानं डोळे चुरचुरलेल्या त्याच फोटोग्राफरकडून सरांनी ते मिळवलं, कसं ते विचारू नका. आणि मिश्रण अंधारात, पन्नास अंशांवर, तासन्‌तास ठेवायचं होतं. आमच्या कॉलेजातला उष्णपेटीचा दिवा केव्हाच गेला होता. पण मे महिना लागला होता, आणि मे महिन्यात जळगावात पत्र्याच्या छपराखाली पन्नास अंश फुकट मिळतात. सर कॉलेजच्या सायकलस्टँडमध्ये जाऊन बसले. काळ्या कागदात गुंडाळलेली बाटली पुढ्यात, बाटलीशी थर्मामीटर, डोक्यावर ओला पंचा. पारा बावन्नवर गेला की ते पत्र्यावर पाणी मारायला लावायचे. अठ्ठेचाळीसवर आला की "उन्हाला काय झालं?" म्हणून आभाळाकडे रागानं बघायचे. सगळं गाव सावलीला पळत होतं आणि हा एक माणूस ढग आला की हळहळत होता.

डाग बघायला अतिनील दिवा लागतो. तो एका डॉक्टरांच्या ऑपरेशनच्या खोलीतून उसना आणला, तिथे तो जंतू मारायला लावलेला होता. सरांनी डोळ्यांवर वेल्डरचा काळा चष्मा चढवला, मलाही एक दिला आणि कागद दिव्याखाली धरला. मोठा डाग गेला होता. त्याच्या जागेच्या जरा वर, चिंचोक्याएवढा एक डाग एकटाच उभा होता.

सरांनी कागद दिव्याच्या आणखी जवळ नेला. मी बघितलं तर त्यांच्या चष्म्याखालून गालावर पाणी ओघळत होतं. मलाही गहिवरून आलं, आणि त्याच वेळी दोन वेल्डर एका टीपकागदासमोर रडताहेत या कल्पनेनं हसूही येत होतं.

रविवारी आम्ही धुळ्याला गेलो. कागद काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये, पट्ट्या उशीच्या अभ्र्यात, अभ्रा सरांच्या मांडीवर. दिवाही बरोबर होता. मोठे सर तेव्हा एक्याऐंशी वर्षांचे. उंच, वाळलेले, पांढरं धोतर, खुर्चीत काठीसारखे ताठ. आमच्या सरांना त्यांनी ओळखलं. "अरे, तू म्हातारा झालास," म्हणाले. त्यांनी खोलीच्या खिडक्या लावायला लावल्या, दिव्याखाली कागद बराच वेळ बघितला.

"डाग सुटा आला. चांगलं काम आहे," ते म्हणाले. "पण मी तेव्हा काय म्हटलं होतं? डाग असतोच. प्रश्न होता तो कमी-जास्त का होतो हा. उंच झाडाचा कागद करताना तुला ठाऊक होतं की हे उंच आहे. गिड्ड्याचा करताना ठाऊक होतं की हे गिड्डं आहे. माणसाला हवं ते दिसतं. झाड लहान असताना, कोण गिड्डं होणार हे कुणालाच माहीत नसताना, कागद बघून सांगशील?"

"सांगेन," सर म्हणाले.

"लिहून दे. पाकीट माझ्याकडे राहील. झाडं मोठी झाली की उघडू."

केळी निसवायला, म्हणजे घड बाहेर पडायला, नऊ-दहा महिने लागतात. परतीच्या गाडीत सर पारोळ्यापर्यंत बोटं मोजत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, त्यांचे पाय सुजलेले होते, बघितलंत?"

रोपांचा प्रश्न नव्हता. चोपड्याकडे तापीच्या काठाला सरांचे एक ओळखीचे शेतकरी होते, नाना. त्या वेळी टिश्यू कल्चरची केळी नवीनच आली होती. एकाच झाडापासून काचेच्या बाटलीत वाढवलेली हजारो रोपं, सगळी सारखी निघायला हवीत. नानांच्या आदल्या वर्षीच्या बागेत काही गिड्डी निघाली होती आणि नाना चक्रावले होते. "सर, बठ्ठी रोपं एकच मायना पोटनी शेत, मंग हाई गिड्डी कशी व्हयनीत?" सगळी रोपं एकाच आईच्या पोटची, मग ही गिड्डी कशी झाली, हा प्रश्न ऐकून सरांनी नानांना मिठी मारली होती. अठ्ठावीस वर्षांत त्यांचा प्रश्न विचारणारा हा पहिलाच माणूस.

नव्या खेपेतली वीस रोपं नानांनी वेगळी काढून दिली. प्रत्येकाची दोन-दोन कोवळी पानं सरांनी नेली. नेण्याआधी नानांना आणि त्यांच्या दोन्ही गड्यांना हात धुवायला लावले. नाना वैतागले. "केळंना झाडले काय कळस हो, हात धोयेल शेत का नही?" पण धुतले. तोवर पाऊस लागला होता आणि पन्नास अंशांचं ऊन संपलं होतं, म्हणून सरांच्या बाटल्या गावातल्या बेकरीच्या भट्टीवर, नानखटाईच्या ट्रेशेजारी जाऊन बसल्या. बेकरीवाल्यालाही साबण मिळाला. त्या आठवड्यात गावानं जास्त स्वच्छ नानखटाई खाल्ली असणार.

मी रोपांना माझे गुप्त क्रमांक दिले होते, त्यामुळे कोणता कागद कोणत्या रोपाचा हे सरांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी पाच कागदांवर फिकट डाग दाखवला. त्या पाच रोपांचे क्रमांक मी लिहिले, पाकीट लाख लावून बंद केलं आणि धुळ्याला मोठ्या सरांच्या लोखंडी पेटीत ठेवलं. रोपं नानांच्या बांधाशी एका ओळीत लागली. सर्वांना सारखं खत, सारखं पाणी. सरांनी नानांना सक्त ताकीद दिली की एकाही झाडाकडे जास्त प्रेमानं बघायचं नाही. नाना म्हणाले, "सर, मी मनी बायकोकडे बी इतलं मोजी-मापीसन दखत नही."

आता झाडं आपोआप वाढणार होती. वाढणार नव्हतं ते मोठ्या सरांचं आयुष्य. म्हणजे तशी धास्ती सरांनी घेतली. मोठे सर एकटे राहत. पत्नी वारलेली, मुलगा परदेशी. स्वयंपाकाला येणारी बाई त्यांना आवडतं म्हणून रोज झणझणीत शेवभाजी करायची, वर तर्री. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं, ते कुणी बंद केलं नव्हतं. सरांनी हे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून दर रविवारी सकाळच्या गाडीनं ते धुळ्याला जाऊ लागले.

ज्या माणसानं आपलं आयुष्य मोडलं, त्याचा रक्तदाब मोजायला. सरांनी त्यांच्यासाठी दुधी आणला, ज्वारीची पातळ पेज करायला शिकले, गोळ्यांसाठी सात खणांचा डबा बनवला. त्यांच्या डॉक्टरांशी भांडले. संध्याकाळी त्यांना हाताला धरून पांझरा नदीच्या काठानं फिरवून आणू लागले. "माझ्या प्रयोगातलं हे सगळ्यात नाजूक उपकरण आहे," ते मला गंभीरपणे सांगत. "केळी मेली तर पुन्हा लावता येईल." मोठे सर पहिले दोन महिने खवळायचे. "मी काय तुझा परीक्षानळीतला बेडूक आहे का?" म्हणायचे. मग त्यांनी खवळायचं सोडलं. दिवाळीनंतर मी एकदा सोबत गेले तेव्हा रविवारी सकाळी ते दाढी करून, धोतर बदलून, दाराशी खुर्ची टाकून गाडीची वाट बघत बसलेले दिसले. आम्ही पोचल्यावर मात्र म्हणाले, "आलास? मी मेलो की जिवंत आहे तेच बघायला येतोस."

डिसेंबरात त्यांना छातीत दुखायला लागलं. सर कॉलेजची परीक्षा सोडून धावले, चार दिवस दवाखान्यात त्यांच्या पायथ्याशी बसले. त्या चार दिवसांत मला फोनवर ते केळीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मला ते विचित्र वाटलं, आणि मग कळलं, आणि मग मी तो विषय काढला नाही.

मार्चच्या शेवटी नानांचा निरोप आला की झाडं निसवली. सर मे महिन्यात निवृत्त होणार होते. आम्ही कमांडर जीप ठरवून मोठ्या सरांना धुळ्याहून अमळनेरमार्गे चोपड्याकडे नेलं. मागच्या बाकावर गादी, दोन उशा, पाण्याची सुरई, गोळ्यांचा डबा, आणि मांडीवर लाखबंद पाकीट. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला सर ड्रायव्हरवर ओरडत. ड्रायव्हर म्हणाला, "काका, काचेचं सामान आहे का?" सर म्हणाले, "त्याहून."

नानांनी बांधावर खाट टाकून ठेवली होती. मोठे सर खाटेवर बसले नाहीत. काठी टेकत टेकत ते ओळीत शिरले आणि प्रत्येक झाडापाशी थांबले. आमच्या सरांना त्यांनी बांधावरच उभं राहायला सांगितलं होतं. माझ्या हातात वही. वीस झाडांत चार गिड्डी होती. त्यात चूक व्हायला वाव नव्हता, बाकीची डोक्याच्या कितीतरी वर गेली होती आणि ही चार छातीपर्यंत येऊन थांबली होती, पानं आखूड, एकमेकांत कोंबलेली. मोठ्या सरांनी चारही क्रमांक मोठ्यानं वाचले. मग पाकीट फोडलं. सर बांधावर डोळे मिटून उभे होते.

पाकिटातल्या पाच क्रमांकांपैकी तीन जुळले. दोन झाडं सरांनी गिड्डी सांगितली होती ती उंच झाली होती. एक गिड्डं त्यांच्या यादीतून सुटलं होतं.

मी आकडे पुन्हा एकदा ताडून बघितले. शेवटी नानांनाच राहवेना. "मंग सर पास व्हयनात का नापास, ते सांगा ना!"

"प्रबंध म्हणून कच्चा आहे," मोठे सर म्हणाले. "वीस झाडं फार थोडी. दोन चुकली, एक सुटलं." ते खाटेवर बसले. काठी आडवी मांडीवर घेतली. "पण डाग खरा आहे."

मी सरांकडे बघितलं. ज्या वाक्यासाठी ते जगले ते वाक्य येऊन गेलं होतं आणि त्यांना ते ऐकू आलंय की नाही हे कळत नव्हतं.

"बस इथे," मोठे सर म्हणाले. "अजून आहे. तो खरा आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. तुझ्या आधी कितीतरी वर्षं, माझ्या स्वतःच्या कामात, कपाशीच्या रोपांत, मला तसंच दिसलं होतं. एका बोंडाच्या सरकीची रोपं, आणि डाग कमी-जास्त. माझ्या मार्गदर्शकांना दाखवायची मला भीती वाटली. मी कात्रीनं कागदाची ती पट्टी कापली आणि उरलेला कागद प्रबंधात चिकटवला. मला पदवी मिळाली. तुझा डाग खरा म्हटला असता तर कुणीतरी माझा कागद मागितला असता."

मला इतका संताप आला की हातातली वही चुरगळली. या माणसाला दुधी खायला घातला, याचे पाय चेपले, आणि यानं सगळं ठाऊक असून इतकी वर्षं एका भल्या माणसाला घाणेरडा ठरवून ठेवलं. मी काहीतरी बोलणारच होते. तेवढ्यात सर पुढे झाले आणि मोठ्या सरांच्या पायाशी मातीतच बसले.

"कुठे होता?" त्यांनी विचारलं. "सीच्या वर की खाली?"

"वर," मोठे सर म्हणाले. "जरासा वर. खेटून."

"चिंचोक्याएवढा?"

"चिंचोक्याएवढा."

मग सरांनी गोळ्यांचा डबा उघडून त्यांना दुपारची गोळी दिली.

मोठ्या सरांना धुळ्याला सोडून आम्ही संध्याकाळच्या एसटीनं निघालो. गाडी सुटल्यावर मी तोंड उघडलं. "तुम्हांला राग कसा येत नाही सर? त्यांनी तुमचं आयुष्य..." सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी काय विचारतेय तेच त्यांना कळत नव्हतं. त्यांचा चेहरा फुलून आला होता. "मॅडम, वेगळं झाड, वेगळं साल, वेगळा माणूस. मला त्यांच्या कामाचा पत्ता नाही. आणि तरी तीच जागा!" ते जागेवर बसू शकत नव्हते. कंडक्टर तिकिटं फाडत आला तेव्हा सरांनी त्याचा हात धरला.

"त्यांनाही दिसला होता," सर म्हणाले.

"बरं झालं," कंडक्टर म्हणाला. "कुठलं देऊ?"

जळगाव येईपर्यंत सरांनी पुढच्या बाकावरच्या नवराबायकोला, मागच्या कॉलेजच्या पोरांना, आणि पारोळ्याला चढलेल्या एका म्हातारीला, जिला उभ्यानं झोप लागत होती, हेच सांगितलं. इतकी वर्षं मी एकटाच नव्हतो हो. त्यांनाही दिसला होता.